रिंकलमधला डब्ल्यू

सहामाही परीक्षेचे पेपर वाटण्याचा तास होता. विज्ञानाच्या पेपरात मेंडेलच्या वाटाण्यांवर एक प्रश्न होता आणि सेमी-इंग्रजीच्या वर्गातल्या एका मुलीने त्याचे उत्तर उत्तम लिहिले होते. गोल वाटाणे कोणते, सुरकुतलेले कोणते, तीनास एक हे प्रमाण कसे येते, सारे बरोबर. फक्त 'रिंकल्ड' हा शब्द तिने 'आर'पासून सुरू केला होता. आम्ही त्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढून अर्धा गुण कापला होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, डब्ल्यू वाचायचाच नाही, तर लिहायचा कशाला?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "इंग्रजीत असंच असतं. पाठ कर." ती खाली बसली.

नंतर मात्र ते उत्तर आम्हाला टोचत राहिले. त्याच वर्गात थोड्याच दिवसांपूर्वी आम्ही सांगितले होते, की निसर्गात 'असंच असतं' असे काही नसते; कारण शोधायचे असते आणि ते शोधणे म्हणजेच विज्ञान. मग भाषेला वेगळा नियम का? त्या मुलीने वाटाण्याविषयी असा प्रश्न विचारला असता तर आम्ही तिची पाठ थोपटली असती. शब्दाविषयी विचारला, तर 'पाठ कर'! म्हणून शिक्षकखोलीत आम्ही काही जणांनी शब्दकोश उघडले. एका शब्दाचा माग काढता काढता पुन्हा वाटाण्यापाशीच येऊन पोचलो. तो प्रवास इथे मांडत आहोत.

एका गोष्टीला किती नावे?

सुरकुतीला मराठीत आपण एकाच नावाने हाक मारत नाही. आजीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या असतात, रागावलेल्या मास्तरांच्या कपाळावर आठ्या असतात. कापडाला चुण्या पडतात, पण साडीच्या निऱ्या कराव्या लागतात. कागदाची घडी घालतात आणि पोटावर वळ्या दिसतात. गर्दीच्या एसटीतून उतरलेल्या माणसाचा सदरा चुरगळलेला असतो. जागा बदलली, कारण बदलले, हेतू बदलला की शब्दही बदलतो.

इंग्रजीतही तसेच आहे. मुद्दाम घातलेल्या घडीला 'फोल्ड' म्हणतात, शिवून पक्क्या केलेल्या चुणीला 'प्लीट'. घडी उलगडल्यावर जी सरळ रेघ उरते, किंवा विजारीला इस्त्रीने जी धार आणतात, ती 'क्रीज'. हा शब्द 'क्रेस्ट' म्हणजे शिखर किंवा तुरा या शब्दाचेच बदललेले रूप असावा असे मानतात. कापड दुमडले की एक उंचवटा तयार होतो, त्या उंचवट्यावरून घडीच्या रेघेला नाव मिळाले. क्रिकेटच्या मैदानावरची क्रीज हाही तोच शब्द. आज ती चुन्याने किंवा रंगाने आखतात, पण पूर्वी ती जमिनीत कोरून काढलेली खाच असे.

'रिंकल' या सगळ्यांहून वेगळा आहे. ती सहसा कोणी मुद्दाम घालत नाही, ती पडते. ती सरळ नसते, वेडीवाकडी असते. आणि हा वाकडेपणाच या शब्दाच्या मुळाशी आहे.

पिळाचे घराणे

सुमारे ११०० सालापर्यंतच्या इंग्रजीला 'जुनी इंग्रजी' म्हणतात. आज इंग्रजी येणाऱ्यालाही ती शिकल्याशिवाय कळत नाही. आपल्याला ज्ञानेश्वरी टीपांशिवाय अवघड जाते, त्याहून कितीतरी अधिक ती परकी वाटते. त्या भाषेत 'गेव्रिंक्लोड' असा एक शब्द सापडतो. त्याचा अर्थ सुरकुतलेला, वाकडातिकडा, वळणे घेत गेलेला. 'रिंकल' बहुधा यातूनच आला. म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ त्वचेशी किंवा कापडाशी बांधलेला नव्हता. तो वळण्याशी, पिळण्याशी बांधलेला होता.

आता इंग्रजी शब्दकोशातले डब्ल्यू आणि आर यांनी सुरू होणारे पान उघडा आणि शब्दांचे अर्थ ओळीने वाचा. ओले कपडे पिळणे म्हणजे 'रिंग'. (अंगठीची 'रिंग' वेगळी, तिच्यात डब्ल्यू नाही.) नट फिरवण्याचा पाना किंवा जोराचा हिसका म्हणजे 'रेंच'. हाताचा जो सांधा वळतो तो 'रिस्ट', म्हणजे मनगट. फुलापानांच्या डहाळ्या पिळून वळवून केलेले चक्र म्हणजे 'रीथ'. गांडुळासारखे वळवळणे म्हणजे 'रिगल', वेदनेने पिळवटणे म्हणजे 'राइद'. वाकडे तोंड किंवा तिरकस हसू म्हणजे 'राय'. आणि प्रतिस्पर्ध्याला पिरगाळून खाली आणणे म्हणजे 'रेसल', कुस्ती खेळणे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: काहीतरी वळते आहे, पिळले जाते आहे. हा योगायोग नाही. हे एकाच घराण्यातले शब्द आहेत आणि डब्ल्यू ही त्या घराण्याची खूण आहे.

याच घराण्यातला सगळ्यांत ओळखीचा शब्द म्हणजे 'राँग'. उत्तर चुकले की आपण जो शेरा मारतो, तो मुळात 'वाकडा' या अर्थाचा आहे. याच्या उलट 'राइट' म्हणजे बरोबर, त्याचा मूळ अर्थ 'सरळ'. आपल्या 'ऋजु' या शब्दाशी त्याचे दूरचे नाते आहे असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आपण तरी वेगळे काय करतो? चांगल्या वागणाऱ्याला आपण 'सरळ माणूस' म्हणतो आणि बिघडलेल्याचे 'पाऊल वाकडे पडले' म्हणतो. सरळ ते योग्य आणि वाकडे ते अयोग्य, ही कल्पना दोन्ही भाषांत आहे.

'रिंकल'ला इंग्रजीत आणखी एक अर्थ आहे. एखादी नामी युक्ती, काम सोपे करणारी खुबी, तिलाही 'रिंकल' म्हणतात. सुरकुतीचा आणि युक्तीचा संबंध काय, असे वाटेल. मराठीतला 'पेच' आठवा. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पीळ किंवा वेढा. पगडीला पेच असतो, स्क्रूच्या आट्यांना पेच म्हणतात. पण कुस्तीतला पेच म्हणजे युक्ती, आणि पेचात पडणे म्हणजे अडचणीत सापडणे. पिळापासून युक्तीपर्यंतचा रस्ता दोन्ही भाषा आपापल्या पायांनी चालल्या.

इथे एक सावधगिरी हवी. डब्ल्यू आणि आर दिसले की वळण असणारच, असा नियम मुलांना सांगू नये. 'राइट' म्हणजे लिहिणे, हा शब्दही याच जोडाक्षराने सुरू होतो, पण त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा आहे. फुटलेल्या जहाजाचा 'रेक' किंवा 'रेन' नावाचा छोटा पक्षीही या घराण्यातले नाहीत. विज्ञानात आपण अपवाद लपवत नाही. इथेही लपवू नये. उलट मुलांना यादी करायला सांगावी, कोणते शब्द वळणाचे आणि कोणते नाहीत. त्यात त्यांना गंमतही वाटेल आणि स्पेलिंगेही लक्षात राहतील.

डब्ल्यूचा आवाज कुठे गेला?

आता मूळ प्रश्न. डब्ल्यू लिहितात, कारण तो एके काळी वाचत असत. जुन्या इंग्रजीत या शब्दांच्या सुरुवातीला 'व्र' असा जोडउच्चार होता. आपण 'व्रत' म्हणतो तसा. फक्त त्यातला 'व' ओठांचा चंबू करून म्हटलेला. पंधराव्या शतकापासून पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत हा 'व' बोलण्यातून हळूहळू गळून गेला. जोडाक्षर म्हणायला कष्ट पडतात. जीभ सोपा मार्ग शोधते. 'ग्रहण'चे 'गिराण' होते, ते याच नियमाने.

पण याच काळात इंग्लंडमध्ये छपाई आली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये तिथे छापखाना सुरू केला. हाताने लिहिताना जो तो आपल्या उच्चाराप्रमाणे लिही. छपाई वाढत गेली तशी शब्दांची रूपे स्थिर होत गेली. उच्चार पुढे चालत राहिला, स्पेलिंग मागे थांबले. 'व' बोलण्यातून गेला, पण कागदावर राहून गेला.

हा केवळ तर्क नाही. त्याला साक्षीदार आहेत. इंग्रजीच्या नात्यातल्या भाषा पाहा. डच भाषेत पिळण्याला आजही 'व्रिंगन' म्हणतात आणि तो 'व' स्पष्ट ऐकू येतो. स्वीडिश भाषेत वळवणे म्हणजे 'व्रीदा'. एका बहिणीने जे दागिने मोडले, ते दुसऱ्या बहिणीने सांभाळून ठेवले आहेत, असा हा प्रकार आहे.

शिवाय हा मुका डब्ल्यू अगदीच निरुपयोगी नाही. पिळण्याचे 'रिंग' आणि अंगठीची 'रिंग', लिहिण्याचे 'राइट' आणि बरोबरचे 'राइट', देवनागरीत लिहिले तर दिसायला एकच. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र डब्ल्यू पाहताच कोणता शब्द ते कळते. कानाला जे कळत नाही, ते डोळ्याला कळते.

आपल्याकडेही असे घडले आहे. शाळेच्या ग्रंथालयातले एखादे जुने मराठी पुस्तक काढा. त्यात 'दांत', 'पांच', 'कांटा' असे लिहिलेले दिसेल. डोक्यावरचा अनुस्वार बहुतेक जण उच्चारत नसत, तरी तो लिहीत. तो उगाच नव्हता. संस्कृतातल्या 'दन्त', 'पञ्च', 'कण्टक' या शब्दांतल्या अनुनासिकाची ती खूण होती. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. लिहिणे सोपे झाले, मुलांचा ताप कमी झाला. पण त्याबरोबर शब्दाच्या जन्माची एक खूणही पुसली गेली. आपण अनुस्वार काढला, इंग्रजीने डब्ल्यू ठेवला. दोन्हींत काही मिळाले, काही गेले.

दूरचे नातेवाईक

१७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात असे मत मांडले. पुढे इंग्रजी, जर्मन, डच यांचेही नाते पद्धतशीर तुलनेने जुळवले गेले. या तुलनेवरून भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, की 'वळणे' या अर्थाचे 'वेर्' असे एक फार जुने मूळ असावे. ते कुठे लिहिलेले सापडत नाही. नातेवाईक शब्दांवरून ते मागे जाऊन बांधलेले आहे. जीवाश्मांच्या तुकड्यांवरून आपण प्राण्याचा सांगाडा उभा करतो, तसेच.

या मुळाला वेगवेगळे प्रत्यय लागून वेगवेगळ्या शाखा फुटल्या. एका शाखेतून रिंकल, रेंच, राँग आले. दुसऱ्या शाखेतून लॅटिनमधला 'वर्तेरे' म्हणजे वळणे, आणि संस्कृतातला 'वृत्' हा धातू आला. वृत्त, वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे आपले शब्द त्या धातूचे. म्हणजे त्या मुलीच्या चुकलेल्या 'रिंकल्ड'भोवती आम्ही जे लाल वर्तुळ काढले होते, ते त्या शब्दाच्या एका दूरच्या चुलतभावाचे होते!

इथेही सावध राहायला हवे. मराठीत 'वळी' हा शब्द आहे आणि तो 'वळणे'शी जोडलेला आहे. सुरकुतीचे नाव वळण्यावरून पडावे, ही कल्पना आपल्याकडेही सुचली हे खरे. पण म्हणून 'वळी' आणि 'रिंकल' हे एकच शब्द आहेत असे म्हणता येणार नाही. त्यांची मुळे वेगळी मानली जातात. नुसते कानाला सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. व्हेल आणि शार्क दिसायला सारखे, म्हणून ते एका वर्गातले होत नाहीत.

सुरकुती पडते का?

शब्दाने आपल्याला सांगितले, की सुरकुती म्हणजे वळलेले, वाकलेले काहीतरी. ते वळते कशामुळे, हे सांगणे विज्ञानाचे काम.

कारण एका वाक्यात सांगता येते: आवरण मोठे आणि आतला ऐवज लहान झाला, की सुरकुती पडते. मोठ्या उशीचा अभ्रा लहान उशीला घालून पाहा. द्राक्ष सुकले की आतले पाणी जाते, पण साल तेवढीच राहते. जास्तीच्या सालीने जायचे कुठे? ती दुमडते, आणि मनुका तयार होते. तीच मनुका रात्रभर पाण्यात भिजवा. पाणी आत शिरते, मनुका फुगते आणि सुरकुत्या बऱ्याच अंशी मिटतात. हा प्रयोग वर्गात सहज होतो.

मेंडेलच्या वाटाण्यांची गोष्ट हीच आहे. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातल्या मठात त्याने हे प्रयोग केले आणि १८६६ मध्ये ते छापून आले. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याने ७३२४ दाणे मोजले. त्यांतले ५४७४ गोल निघाले आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६ ला १. हे आकडे आपण शिकवतो. पण दाणा सुरकुततो तरी का, हे मेंडेलला ठाऊक नव्हते.

त्याचे उत्तर १९९० मध्ये मिळाले. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत मदन भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक शोधून काढले. गोल वाटाण्यात हे जनुक एक विकर तयार करते. ते विकर पिष्टाच्या रेणूंना फांद्या फोडते. सुरकुतलेल्या वाटाण्यात या जनुकाच्या मध्येच डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा एक तुकडा घुसलेला आहे. त्यामुळे ते विकर नीट तयार होत नाही. पिष्ट कमी बनते आणि साखर तशीच साठून राहते. साखर जास्त असली की परासरणाने पेशींत पाणीही जास्त शिरते. हिरवा दाणा टम्म फुगतो. पण दाणा वाळला की हे सगळे जास्तीचे पाणी निघून जाते. आतला भाग खूप आक्रसतो आणि साल सैल पडून सुरकुतते. म्हणूनच सुरकुतणाऱ्या जातीचे वाटाणे कोवळे असताना अधिक गोड लागतात. मेंडेलने पाहिलेली सुरकुती ही खरे तर साखरेची खूण होती.

बोटांच्या सुरकुत्यांबाबत मात्र आपण वर्गात बरेचदा चुकीचे सांगतो. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची टोके सुरकुततात. त्वचेत पाणी शिरून ती फुगते म्हणून, असे आपण सांगतो. पण बोटाकडे जाणारी चेता तुटलेली असेल, तर त्या बोटावर सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांना १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे. म्हणजे हे काम नुसत्या पाण्याचे नाही, चेतासंस्थेचे आहे. तिच्या आज्ञेने बोटाच्या टोकातल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आतला ऐवज थोडा कमी होतो आणि वरची त्वचा दुमडते. नियम पुन्हा तोच. या सुरकुत्यांनी ओल्या वस्तू पकडणे सोपे होते का? २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगात तसा फायदा दिसला. पण पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात तो दिसला नाही. विज्ञानात असेही होते, आणि तेही मुलांना सांगायला हवे.

कापडाच्या चुण्यांचे कारण थोडे वेगळे. कापूस म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. कापड दाबले गेले, त्यात घामाचा ओलावा आला, की हे बंध सुटतात, रेणू सरकतात आणि नव्या जागी नवे बंध जुळतात. चुणी पक्की होते. इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो आणि उष्णता देतो, ती हेच बंध पुन्हा सोडवून कापड सपाट असताना नव्याने जुळवण्यासाठी. दुकानातल्या सदऱ्यावर 'रिंकल-फ्री' लिहिलेले असते, तिथे सेल्युलोजच्या रेणूंमध्ये रसायनांनी आडवे पूल बांधलेले असतात, म्हणजे रेणू सरकतच नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी या विषयावर महत्त्वाचे काम केले.

सुरकुतीचे बळ

सुरकुती म्हणजे दोष, असे आपण धरून चालतो. पण एक प्रयोग करा. वीतभर अंतरावर पुस्तकांच्या दोन चळती ठेवा आणि त्यांवर एक कोरा कागद पुलासारखा आडवा ठेवा. तो मधोमध खाली झुकेल; त्यावर खोडरबरही ठरणार नाही. आता त्याच कागदाच्या पंख्यासारख्या बारीक चुण्या करा. चुण्यांच्या रेघा एका चळतीकडून दुसरीकडे जातील असा तो ठेवा आणि वर एकेक नाणे ठेवत जा. किती नाणी पेलतात ते मुलांनाच मोजू द्या.

कागद तोच, वजन तेच. मग बळ कुठून आले? पुलावर भार आला की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. सपाट कागदात वर आणि खाली यांत अंतरच नसते. चुण्यांमुळे काही कागद वर जातो, काही खाली राहतो, आणि वाकायला विरोध करण्याची त्याची ताकद अनेक पटींनी वाढते.

कोकणातल्या पावसाळ्यात घराघरावर दिसणारा पन्हळी पत्रा याच तत्त्वावर टिकतो. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये अशा पत्र्याचे एकस्व घेतले. इंग्रजीत या पत्र्याला 'कोरुगेटेड' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'रूगा'वरून आला, आणि रूगा म्हणजे सुरकुती! पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आतला नागमोडी कागद त्याच नावाचा. इतकेच नव्हे, भुवया आकसून कपाळाला आठी घालणाऱ्या स्नायूला शरीरशास्त्रात 'कोरुगेटर' म्हणतात. मास्तरांच्या कपाळावरची आठी आणि शाळेच्या छपराचा पत्रा यांचे नाव एक आहे, हे ऐकल्यावर आमचा वर्ग जेवढा हसला, तेवढा बऱ्याच दिवसांत हसला नव्हता.

अर्धा गुण

हे सारे आम्ही पुढच्या आठवड्यात दोन तास घेऊन वर्गात सांगितले. एक तास इंग्रजीच्या बाईंनी दिला, एक विज्ञानाचा होता. फळ्यावर घराण्यातले शब्द लिहिले, मुलांनी शब्दकोशातून आणखी काढले, मनुका भिजवल्या, कागदाच्या चुण्या केल्या. त्या मुलीचा अर्धा गुण मात्र आम्ही परत दिला नाही. स्पेलिंग चुकले होते ते चुकलेच होते, आणि तिलाही ते मान्य होते. पण तिचा प्रश्न अर्ध्या गुणापेक्षा पुष्कळ मोठा होता आणि त्याला आम्ही पहिल्यांदा दिलेले उत्तर 'राँग' होते, हे आम्ही सर्वांसमोर सांगितले.

स्पेलिंग पाठ करावेच लागते. त्यातून सुटका नाही. पण कारण कळलेले पाठांतर आणि न कळलेले पाठांतर यांत फरक आहे. ज्याला 'रिंकल'मधला पीळ दिसला, तो त्यातला डब्ल्यू सहसा विसरणार नाही. चुरगळलेला कागद कितीही सारखा केला तरी तो कसा दुमडला होता हे त्याच्या रेघांवरून कळते. भाषेतल्या या मुक्या अक्षरांचेही तसेच आहे. ती मुकी आहेत, पण विचारले तर सांगतात.

तास संपताना ती मुलगी पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "मग सर, 'नाइफ'मधला के कशाला?"

या वेळी आम्ही 'पाठ कर' म्हणालो नाही. एवढेच सांगितले, की जर्मन भाषेत गुडघ्याला 'क्नी' म्हणतात, त्यातला 'क' आजही ऐकू येतो, आणि इंग्रजीत गुडघ्याचे स्पेलिंग काय ते आठवून बघ. उरलेला माग तिने आणि तिच्या वर्गाने काढायचा आहे. तुमच्या वर्गालाही काढता येईल.